जुनी कानस, ट्रकचा पाटा यांपासून लाकडी लेथची हत्यारं: सल्ला हवा

घाटपायथा: नमस्कार मंडळी. कुडाळला घरी लाकडाचा छोटा लेथ बसवलाय. आंबा, फणस, शिवणीच्या ओंडक्यांचे वाडगे, लाटणी, भोवरे करतो. तयार हत्यारांचा पूर्ण संच परवडत नाही. भंगारवाल्याकडे मोठ्या कानशी, ट्रकचे पाटे (स्प्रिंगच्या पोलादी पट्ट्या), एचएसएसचे (हाय स्पीड स्टील, तापलं तरी कडक राहणारं पोलाद) जुने बिट म्हणजे कापायचे छोटे तुकडे असं बरंच पडलेलं असतं. कशाचं काय करावं? कानस घासून थेट स्क्रेपर (लाकूड खरवडायचं हत्यार) करतात, ते चालतं का? माझ्याकडे भट्टी नाही, पण शेजारच्या गावात लोहार आहे.

भाताभट्टी: कानशीचं आधी सांगतो, कारण खरा धोका तिथेच आहे. कानशीत साधारण १ टक्का किंवा थोडा जास्त कार्बन असतो आणि ती कारखान्यातूनच पूर्ण कडक होऊन येते. टूल रेस्टच्या (हत्यार टेकवायच्या आधाराच्या) पुढे हत्यार जरा जास्त गेलं आणि फिरत्या ओंडक्याने ते धरलं, की कानस कट्कन तुटते. तुकडा तोंडावर येऊ शकतो. जशीच्या तशी कानस लेथवर नकोच.

करायचीच असेल तर दाते पूर्ण घासून काढा, तडा तिथूनच सुरू होतो. मग ओव्हनमध्ये २०० ते २२० अंशांवर दोन तास ठेवा. चकचकीत केलेल्या भागावर फिकट पिवळा रंग चढला पाहिजे. त्यानंतर धारेकडची बाजू ओल्या फडक्यात गुंडाळून मुठीकडचा भाग टॉर्चने निळा होईपर्यंत तापवा, म्हणजे तिथे चिवटपणा येईल. एवढं करूनही तिचा उपयोग भोवऱ्यासारख्या बारीक कामापुरताच. वाडग्याचं पोट कोरायला नाही म्हणजे नाही.

तुमच्यासाठी पाटा उत्तम. कार्बन कानशीच्या निम्म्याच्या आसपास, पण पोलाद चिवट. आपल्याकडे कोयते त्याचेच होतात, त्यामुळे लोहाराचा हात त्यावर बसलेला असणार. ८ ते १० मिमी जाडीचा निवडा. पाटा वर्षानुवर्षं वाकून थकलेला असतो, म्हणून आधी तडे बघा: गंज काढून रॉकेल लावा, थोड्या वेळाने कोरडा पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर त्यातलं रॉकेल वर येऊन ओली रेघ उमटते. तसा तुकडा बाजूला टाका.

लोहाराला सांगा, लाल करून राखेत गाडायचा आणि रात्रभर निवू द्यायचा. मग आकार द्या. पाणी देताना (तापवून बुडवून कडक करताना) लोहचुंबक चिकटायचा थांबला की अजून थोडा तापवून कोमट तेलात बुडवायचा. कोयत्याच्या सवयीने पाण्यात घालतील, तिथे उभे राहा. जाड पाटा पाण्यात तडकू शकतो. शेवटी कानशीसारखंच ओव्हनमध्ये दोन तास.

ठिणगी: वरच्याशी सहमत. पण भट्टीच नको असेल तर एचएसएसचा बिट घ्या. १२ मिमी चौकोनी साध्या सळईच्या टोकाला खाच करून तो स्क्रूने घट्ट बसवा. धार लावताना बिट निळा पडला तरी पाणी (कडकपणा) उतरत नाही. साधं कार्बनचं पोलाद निळं पडलं की धार गेलीच. फक्त तापलेला बिट पाण्यात बुडवू नका, बारीक तडे जातात.

भंगारात धातू ओळखायला ग्राइंडरवर टेकवा. साध्या लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ. कानशीच्या ठिणग्यांना भरगच्च फुलं फुटतात. एचएसएसच्या आखूड, मंद लालसर, फुलं जवळपास नाहीतच.

घाटपायथा: फार उपयोगी पडलं, धन्यवाद! शॉक अ‍ॅब्सॉर्बरचा दांडा खोल कोरायच्या हत्याराला चालेल का? आणि मूठ किती लांब ठेवू?

भाताभट्टी: शॉक अ‍ॅब्सॉर्बर कापू नका. काहींत दाबाखाली गॅस असतो. दांड्यावरचा क्रोमचा मुलामा तापवला तर वाफा विषारी. जस्ताचा मुलामा असलेलं काहीही भट्टीत घालू नका.

स्क्रेपरची मूठ ३५ ते ४० सेंमी ठेवा, शेपूट (हत्याराचं मुठीत जाणारं टोक) आत किमान ७ सेंमी जाऊ द्या. शेपूट जिथे पात्याला मिळतं तिथला कोपरा काटकोनी न ठेवता गोलाईने घासा, हत्यार मोडतं ते तिथेच. मुठीच्या तोंडाशी पितळी नळीचं कडं ठोकून बसवा, नाहीतर लाकूड उभं चिरतं. शिवण मऊ पडेल, बाभूळ मिळाली तर बघा.