विनोदी चित्रपट आणि मालिका: काय पुन्हा पाहवते, काय पाहवत नाही?

तिसरी घंटा:
गेल्या रविवारी दुपारी टीव्हीवर ‘अशी ही बनवाबनवी’ लागला होता आणि नेहमीप्रमाणे भांडी तशीच ठेवून मी समोर बसले. नववीतल्या मुलाने मध्येच विचारले, की केवळ भाड्याने जागा मिळावी म्हणून दोघांनी साडी नेसायची, हे कोणाला पटत होते का? त्या प्रश्नाने १९९४ सालचे पुणे आठवले. माझा भाऊ नोकरीला लागला होता आणि ज्या वाड्यात जावे तिथे ‘एकट्या मुलांना जागा देत नाही’ एवढेच ऐकून परतत होता. एका मालकीणबाईंनी तर लग्न ठरले की या, खोली राखून ठेवते, असे सांगून चहाही पाजला होता. त्या दिवसांत हा चित्रपट घरी पाहताना भाऊ सर्वांत मोठ्याने हसत असे. वसंत सबनीसांचे संवाद पाठ असूनही अजून हसू येते, कारण त्या चौघांची अडचण मुळात खरी आहे, असे मला वाटते. त्याच काळातले नुसत्या पळापळीचे कितीतरी चित्रपट मी तितक्याच वेळा पाहिले असतील, पण त्यांतला एकही प्रसंग आज सांगता येणार नाही. तुम्हाला आजही हसवणारे आणि आता अजिबात न सोसणारे काय आहे, ते लिहा.

आंबटगोड:
सत्तर रुपये वारले, हे ‘बनवाबनवी’तले वाक्य आमच्या दुकानात उधारीच्या वहीवर लाल शाईने लिहिले जाते. याहून अधिक काय लिहू?

खिडकीजवळची:
ताई, तुमच्या धाग्यावर थोडे वेगळे लिहिते. ‘बनवाबनवी’त साडी नेसून पार्वती झालेल्या लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या डोहाळजेवणाचे गाणे मी शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचले आहे. लग्नानंतर सात वर्षे दवाखान्यांच्या खेपा चालू होत्या, तेव्हा ते गाणे लागले की मी पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात जात असे. सासूबाईंच्या ते लक्षात आले आणि काही न बोलता त्या वाहिनी बदलू लागल्या. चित्रपटाचा त्यात काहीच दोष नाही. बेर्डे त्या हिरव्या बांगड्यांत ज्या गांभीर्याने लाजतात, ते अप्रतिमच आहे. आता मुलगी सहा वर्षांची आहे आणि तिला ते गाणे फार आवडते, पण माझा हात अजूनही रिमोटकडे जातो.

डोंबिवली ८.१५:
विनोदी म्हणून दाखवलेल्या चित्रपटाने मला दोन वर्षे दिवा लावून झोपायला लावले. ‘झपाटलेला’ १९९३ मध्ये आला, तेव्हा मी सात वर्षांचा होतो आणि आत्याने वाढदिवसाला दिलेला बाहुला मी त्याच रात्री माळ्यावर टाकून दिला. मोठेपणी पुन्हा पाहताना उमगले, की शब्दभ्रमकार रामदास पाध्ये यांच्या हातातला तो बाहुला, तात्या विंचू, स्वतःला कधीच विनोदी समजत नाही, तो मनापासून दुष्ट आहे, आणि म्हणूनच लक्ष्याची तारांबळ इतकी हसवते. आजच्या बऱ्याच भयविनोदी चित्रपटांत भूतच आधी डोळा मारते. मग घाबरायचे कोणी?

सावळी:
मला न सोसणारे म्हणजे प्रहसनांचे कार्यक्रम. ज्या कार्यक्रमामुळे आमच्या घरात एकदा जेवण अर्धवट राहिले, त्याचे नाव घेत नाही. जाड बाई आली की जमीन हादरल्याचा आवाज, काळी मुलगी आली की दिवे लावा, आणि प्रत्येक वाक्यानंतर टाळ्या वाजवणाऱ्या पाहुण्यांचे चेहरे. माझी मुलगी माझ्यासारखीच सावळी आहे. ती तेव्हा अकरा वर्षांची होती, तिने ताट सरकवले आणि ‘हे सगळे का हसत आहेत?’ एवढेच विचारले. पुरुषांनी साडी नेसून बाईचे विडंबन करणेही मला आता नकोसे झाले आहे.

पडदा उघडा:
सावळीताई, शेवटच्या वाक्याबद्दल आदरपूर्वक मतभेद नोंदवतो. ज्या रंगभूमीवर बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका केल्या, तिच्या वारसांनी साडी नेसण्यात वावगे काही नाही. सुधा आणि पार्वती पाहताना आपण बाईला हसत नाही, पकडले जाण्याच्या भीतीने घामाघूम झालेल्या दोन पुरुषांना हसतो. तुम्ही सांगितलेल्या कार्यक्रमांत मात्र बाईचे शरीर हाच विनोद असतो. बाकी आपले म्हणणे शंभर टक्के मान्य आहे, आणि लेकीला माझा नमस्कार सांगा.

सावळी:
भेद पटला. नमस्कार पोहोचवला, ती आता अठरा वर्षांची आहे आणि म्हणते, की काकांना सांग, मी आता स्वतः एकांकिका लिहिते.

गिरणगावकर:
‘सोंगाड्या’ची आठवण कोणीच काढली नाही, याचे आश्चर्य वाटते. दादा कोंडके यांचे नाव घरात काढले की वडील कडक नजरेने पाहत, आणि आई मात्र शेजारणींबरोबर दुपारचा खेळ पाहून येत असे. तिला द्व्यर्थ कळत नसेल, असे मला वाटे. ती गेल्यानंतर मावशीने सांगितले, की सर्वांत आधी तीच हसायची आणि मग बाकीच्या बायकांना समजावून सांगायची. दादांचे नंतरचे काही हिंदी चित्रपट मला अजिबात आवडले नाहीत, तरी १९७१ चा तो भाबडा नाम्या विसरता येत नाही.

ओढ्याकाठचा:
कामाच्या मधल्या सुट्टीत लिहीत आहे. २००८ चा ‘वळू’ शहरातल्या मित्रांना संथ वाटला, मला तो जवळजवळ वार्तापटच वाटला. आमच्या गावीही देवाला सोडलेला वळू होता. तो उसात शिरला तरी त्याला कोणी काठी लावत नसे, आणि त्याच्या प्रत्येक नासधुशीमागे दोन गटांचे राजकारण असे. चित्रपटात डुरक्याला पकडायला वनाधिकारी येतो खरा, पण वळूपेक्षा गावकऱ्यांच्या सल्ल्यांनीच तो अधिक थकतो. ग्रामीण माणूस म्हणजे तोंड वाकडे करून बोलणारा बावळट, हे गणित तिथे नाही, म्हणून मला तो इतका जवळचा वाटतो.

न्यू जर्सीची सून:
इथे रात्रीचे अकरा वाजले आहेत आणि मी कपड्यांच्या घड्या घालत ‘श्रीयुत गंगाधर टिपरे’चा एक भाग लावला आहे. आबांच्या घरात फारसे काही घडतच नाही, तरी दिलीप प्रभावळकरांनी नुसता चष्मा सारखा केला की मला सांगलीचे आमचे अण्णा दिसतात. अण्णांना मात्र ती मालिका आवडत नाही, कारण त्यांच्या मते प्रभावळकरांनी चिमणराव केल्यानंतर दुसरे काही करायलाच नको होते.

आंबटगोड:
अण्णांना आमचा पाठिंबा कळवा. तिसरी घंटाताई, भाऊसाहेबांच्या त्या खोलीचे पुढे काय झाले?

तिसरी घंटा:
लग्न ठरल्यावर तो खरोखरच पेढे घेऊन त्या मालकीणबाईंकडे गेला. खोली आदल्याच आठवड्यात एका जोडप्याला दिली होती. ते जोडपे खरे होते की नाही, हा संशय भावाला अजून आहे.