युजरफॉर्मवरचे सगळे टेक्स्टबॉक्स एकाच क्लासला जोडायचेत, पण इव्हेंट फक्त शेवटच्या बॉक्सलाच येतो

शीटवाला_०७

नमस्कार मंडळी, एक्सेलमध्ये एक युजरफॉर्म (मॅक्रोने चालणारी, माहिती भरायची खिडकी) केलाय, त्यावर रकमेचे ४० टेक्स्टबॉक्स आहेत. पाहिजे एवढंच की आकडे आणि एक दशांश टिंब सोडून काही टाईप होऊ नये, आणि कुठलीही रक्कम बदलली की खालच्या लेबलमध्ये बेरीज लगेच बदलावी. सध्या प्रत्येक बॉक्सचा वेगळा चेंज (मजकूर बदलला की येणारा इव्हेंट) आणि वेगळा कीप्रेस (कळ दाबली की येणारा) लिहिलाय म्हणजे ८० प्रोसिजर झाल्या, नियम जरा बदलला की सगळीकडे हात फिरवावा लागतो, म्हणून आता क्लास मॉड्यूल घेऊन त्यात विथइव्हेंट्स (कंट्रोलचे इव्हेंट क्लासमध्ये ऐकायची सोय) लावलंय.

फॉर्मच्या इनिशियलाइझमध्ये फॉर इच लूप फिरवून प्रत्येक बॉक्ससाठी न्यू ऑब्जेक्ट करतो आणि बॉक्स त्याला सेट करतो. एरर काहीच येत नाही. पण इव्हेंट येतो तो फक्त शेवटच्या बॉक्सला, बाकीचे ३९ गप्प. व्हेरिएबल फॉर्मच्या मॉड्यूलमध्ये अगदी वर डिक्लेअर केलंय, तेच इनिशियलाइझच्या आत नेलं तर मग एकही बॉक्स चालत नाही. असं का होतं?

आणि अजून एक, क्लासमध्ये वरच्या ड्रॉपडाउनला चेंज, कीप्रेस, कीडाउन वगैरे दिसतात पण एक्झिट दिसत नाही. बॉक्समधून बाहेर पडताना रक्कम दोन दशांशात मांडायची आहे, ते कुठे लिहायचं?

मॅक्रो_मावशी

तुम्ही जे दोन प्रकार करून बघितलेत ना त्यातच उत्तर आहे. व्हीबीएमध्ये (मॅक्रोच्या भाषेत) ऑब्जेक्ट तोपर्यंतच जिवंत राहतो जोपर्यंत कुठलं तरी व्हेरिएबल त्याला धरून आहे. तुमचं व्हेरिएबल एकच, लूपमध्ये दुसऱ्या बॉक्ससाठी न्यू केलं की पहिल्या ऑब्जेक्टला धरणारं कोणी उरत नाही, तो तिथेच संपतो आणि त्याच्याबरोबर त्याचं इव्हेंट ऐकणंही संपतं. शेवटचा तेवढा वाचतो कारण त्याच्यानंतर व्हेरिएबलमध्ये दुसरं काही आलं नाही. आणि व्हेरिएबल सबच्या आत असेल तर एंड सबला तोही जातो. एरर येणारच नाही, कारण व्हीबीएच्या दृष्टीने काही चुकलेलंच नाहीये.

तर सगळे ऑब्जेक्ट फॉर्मच्या पातळीवरच्या एका कलेक्शनमध्ये, म्हणजे ऑब्जेक्टच्या यादीत, ठेवा. उच्चाराप्रमाणे लिहिते, एडिटरमध्ये नेहमीच्या स्पेलिंगने टाका. क्लासचं नाव समजा रक्कमबॉक्स:

पब्लिक विथइव्हेंट्स बॉक्स अ‍ॅज एमएसफॉर्म्स.टेक्स्टबॉक्स
पब्लिक मालक अ‍ॅज रक्कमफॉर्म

प्रायव्हेट सब बॉक्स_चेंज()
मालक.बेरीजकरा
एंड सब

आणि फॉर्ममध्ये:

प्रायव्हेट सगळे अ‍ॅज कलेक्शन

प्रायव्हेट सब युजरफॉर्म_इनिशियलाइझ()
डिम सी अ‍ॅज एमएसफॉर्म्स.कंट्रोल, आर अ‍ॅज रक्कमबॉक्स
सेट सगळे = न्यू कलेक्शन
फॉर इच सी इन मी.कंट्रोल्स
इफ टाईपनेम(सी) = "टेक्स्टबॉक्स" अँड सी.टॅग = "रक्कम" देन
सेट आर = न्यू रक्कमबॉक्स
सेट आर.बॉक्स = सी
सेट आर.मालक = मी
सगळे.अ‍ॅड आर
एंड इफ
नेक्स्ट
एंड सब

टॅग मुद्दाम घातलाय. फॉर्मवर नाव, शेरा असले साधे बॉक्सही असतातच, त्यांना हा नियम लागायला नको, म्हणून प्रॉपर्टी विंडोत सगळे रकमेचे बॉक्स एकदम सिलेक्ट करून टॅग भरून टाका. मी.कंट्रोल्समध्ये फ्रेमच्या आणि मल्टिपेजच्या आतले कंट्रोलसुद्धा येतात, त्यामुळे त्यांच्यासाठी वेगळा लूप लागत नाही.

एमएसफॉर्म्स (युजरफॉर्मच्या कंट्रोलची लायब्ररी) हा शब्द डिक्लेरेशनमध्ये गाळू नका प्लीज. नुसतं टेक्स्टबॉक्स लिहिलं तर एक्सेल स्वतःच्या लायब्ररीतला त्याच नावाचा जुना लपवलेला प्रकार उचलतं आणि मग विथइव्हेंट्सच्या ओळीला कंपाइल एरर, साध्या डिमला टाईप मिसमॅच, एरर १३, आणि माणूस भलतीकडेच शोधत बसतो.

कीप्रेसमध्ये सिलेक्ट केस लावा, ४८ ते ५७ म्हणजे आकडे आणि ८ म्हणजे बॅकस्पेस सोडायचे, ४६ म्हणजे टिंब, ते बॉक्समध्ये आधीच असेल तर कीआस्की (दाबलेल्या कळीचा कोड) शून्य करायचं म्हणजे ती कळ उमटत नाही, केस एल्सलाही शून्य. पण कोडमधून भरलेली किंवा ओढून आणून टाकलेली व्हॅल्यू कीप्रेसमधून जातच नाही, म्हणून खरी तपासणी चेंजमध्येही ठेवा. बेरजेला सीडबल (मजकुराचा आकडा करणारं फंक्शन) नको, रिकामा बॉक्स आला की परत एरर १३. व्हॅल फंक्शन रिकाम्याला शून्य धरतं आणि दशांश म्हणून टिंबच ओळखतं, तुमच्या नियमाला ते बरोबर बसतं.

रिकामा_सेल

एक्झिटचं मी सांगतो. एंटर, एक्झिट, बिफोरअपडेट आणि आफ्टरअपडेट हे चार इव्हेंट टेक्स्टबॉक्सचे स्वतःचे नाहीतच, ते कंट्रोलला सांभाळणारा फॉर्म किंवा फ्रेम पुरवते. फॉर्मच्या मॉड्यूलमध्ये ते बॉक्सच्या नावाखाली दिसतात म्हणून आपल्याला वाटतं बॉक्सचेच आहेत. विथइव्हेंट्स थेट बॉक्सच्या प्रकाराला जोडलं जातं, तिथे हे चार नसतात. विथइव्हेंट्स अ‍ॅज एमएसफॉर्म्स.कंट्रोल लिहूनही मिळत नाहीत, त्या वाटेला जाऊ नका.

विंडोजच्या एका एपीआय (विंडोजनेच पुरवलेल्या) फंक्शनने इव्हेंटची जोडणी हाताने करून एक्झिट मिळवतात लोक, क्लासची फाईल एक्सपोर्ट करून त्यात अ‍ॅट्रिब्यूटच्या ओळी घालाव्या लागतात. चालतं ते, पण मॅकवर चालणार नाही आणि तुमच्यानंतर ज्याच्या हातात फाईल जाईल त्याला समजायला कठीण, म्हणून दोन दशांशासाठी मी तरी एवढं करणार नाही.

त्यापेक्षा कोणत्या बॉक्समध्ये शेवटचं टायपिंग झालं ते लक्षात ठेवा. क्लासच्या चेंजमध्ये मालकाला 'मी' (कोडमधलं मी, म्हणजे तो ऑब्जेक्ट स्वतः) पाठवायचं, फॉर्म ते एका व्हेरिएबलमध्ये ठेवतो, आणि दुसऱ्याच ऑब्जेक्टकडून चेंज आला की आधीच्याचं फॉरमॅट करून टाकतो. शेवटी जो उरेल तो सेव्हच्या बटणावर. किंवा सगळे बॉक्स एका फ्रेममध्ये घ्या, फ्रेमचा एक्झिट फॉर्ममध्ये एकदाच लिहायचा, फोकस फ्रेमच्या बाहेर गेला की आतल्या सगळ्यांचं फॉरमॅट एका लूपमध्ये. मला दुसरा प्रकार जास्त आवडतो, त्यात लक्षात ठेवायचं काही राहत नाही.

शीटवाला_०७

कलेक्शन लावलं आणि सगळे ४० बॉक्स चालू झाले!! खूप खूप धन्यवाद दोघांना, फ्रेमचंही जमलं. आता अडतंय ते असं की शीटवरची जुनी नोंद फॉर्ममध्ये भरताना प्रत्येक बॉक्सला चेंज येतो आणि बेरीज ४० वेळा होते, फॉर्म लुकलुकतो. अ‍ॅप्लिकेशन.एनेबलइव्हेंट्स फॉल्स केलं, काही फरक नाही. आणि हाच क्लास शीटवर ठेवलेल्या बॉक्सना चालेल का?

जुना_फॉर्म्युला

एनेबलइव्हेंट्स हे एक्सेलच्या इव्हेंटसाठी आहे, शीटचा चेंज, वर्कबुकचा ओपन वगैरे. युजरफॉर्मवरचे कंट्रोल त्याला जुमानत नाहीत. फॉर्ममध्ये एक बुलियन ठेवा, भरतोय म्हणून, बेरीजकराच्या पहिल्याच ओळीत तो ट्रू असेल तर एक्झिट सब, भरून झालं की फॉल्स आणि बेरीज एकदाच. मात्र भरताना मध्येच एरर आली तरी तो परत फॉल्स झाला पाहिजे, नाहीतर बेरीज कायमची बंद, म्हणून तेवढ्या भागाला ऑन एरर गोटू लावाच.

शीटवरचं म्हणाल तर अ‍ॅक्टिव्हएक्स बॉक्स (स्वतःचे इव्हेंट असलेले कंट्रोल) असतील तर चालेल, ओएलईऑब्जेक्ट्समधून (शीटवरच्या अशा कंट्रोलच्या यादीतून) लूप फिरवायचा आणि सेट करताना त्याचं .ऑब्जेक्ट द्यायचं. कलेक्शन साध्या मॉड्यूलमध्ये पब्लिक ठेवा आणि वर्कबुक ओपनला भरा. मालक मात्र तिथे फॉर्म नसणार, म्हणून ते व्हेरिएबल ऑब्जेक्ट प्रकाराचं करून बेरीजकरा असलेली शीट द्या. पण शीटवर एक दुखणं आहे, एरर आल्यावर कोणी एंड दाबलं की प्रोजेक्ट रिसेट होतो, कलेक्शन रिकामं होतं आणि सगळे बॉक्स एकदम मुके. चालू मॅक्रोने शीटवर नवीन अ‍ॅक्टिव्हएक्स कंट्रोल टाकला तरी तेच होऊ शकतं. तेव्हा जोडणीचा सब वेगळा ठेवा म्हणजे परत चालवता येईल, आणि कंट्रोल टाकल्यावर तो ऑनटाईमने (ठरलेल्या वेळी मॅक्रो चालवणाऱ्या सोयीने) बोलवा. नुसती बटणं पाहिजे असतील तर अ‍ॅक्टिव्हएक्सच्या भानगडीत पडू नका, फॉर्म कंट्रोलची बटणं घ्या, सगळ्यांना एकच मॅक्रो असाइन करा, कुठलं दाबलं त्याचं नाव अ‍ॅप्लिकेशन.कॉलरमध्ये मिळतं, क्लासची गरजच नाही.

मॅक्रो_मावशी

मालकबद्दल लिहायचं राहिलं होतं. क्लासमध्ये मालक न ठेवता थेट फॉर्मच्या नावाने बेरीजकरा बोलावता येतं, पण फॉर्म न्यू करून उघडला असेल तर त्या नावाने दुसरीच प्रत मेमरीत लोड होते, तिचं इनिशियलाइझही चालतं, आणि बेरीज त्या न दिसणाऱ्या फॉर्मवर होते. समोरचं लेबल हलत नाही. म्हणून मालक ठेवाच.

फक्त मग फॉर्म कलेक्शनला धरून, कलेक्शनमधला प्रत्येक ऑब्जेक्ट फॉर्मला धरून, असा फेरा होतो आणि अनलोड केलं तरी मेमरी सुटत नाही. क्वेरीक्लोजमध्ये (फॉर्म बंद होण्याआधी येणाऱ्या इव्हेंटमध्ये) सेट सगळे = नथिंग करा, पण कॅन्सल ट्रू केलं नसेल तेव्हाच. वरच्या फुलीवर कॅन्सल करून फॉर्म नुसता हाइड करत असाल आणि त्याआधीच कलेक्शन सोडलं असेल, तर पुढच्या शोला सगळे ४० बॉक्स दिसतील आणि एकाचाही इव्हेंट येणार नाही.