मदत हवी आहे : मुठेकाठच्या रोव्ह बीटलची जात कशी ठरवावी?

सिंहगड रस्त्यालगत, मुठेच्या काठी असलेल्या आमच्या सोसायटीत पावसाळा सुरू झाल्यापासून रात्री ट्यूबलाइटभोवती एक लांबट भुंगेरा येत आहे. लांबी ७ ते ८ मिलिमीटर. डोके व पोटाचे टोक काळे, छाती व पोटाचा उरलेला भाग नारिंगी-तांबडा, आणि पाठीवरचे कवचपंख गडद निळे, उजेडात हिरवट झाक मारणारे. हे पंख इतके आखूड आहेत की पोट उघडेच राहते, आणि डिवचल्यास तो विंचवासारखे पोटाचे टोक वर उचलतो. दिवसा तो काठावरच्या ओल्या गाळात, कुजक्या पाल्याखाली सापडला.

तो रोव्ह बीटलांपैकी पेडेरस प्रजातीचा (अनेक जातींच्या गटाचा) आहे याबद्दल मला शंका नाही. भातखाचरांत आढळणारा पेडेरस फुसिपेस असावा, असा अंदाज आहे. तो चावत नाही, मात्र अंगावर चिरडल्यास त्याच्या शरीरातील पेडेरिन या द्रव्यामुळे त्वचेवर फोड येतात, हे ठाऊक असल्याने जाळ्या लावल्या आहेत. तुडतुड्यांसारख्या पिकांवरील किडी खाणारा हा उपयोगी जीव असल्यामुळे फवारणी मला मुळीच करायची नाही, म्हणून कृपया ते उपाय सुचवू नयेत.

छायाचित्रांशी रंग ताडून पाहिले, परंतु या प्रजातीतील अनेक जाती जवळजवळ सारख्याच दिसतात. मृत नमुने अल्कोहोलमध्ये ठेवले आहेत. सूक्ष्मदर्शक नाही, दहापट भिंग आहे. तेव्हा विच्छेदन न करता पाय, स्पर्शिका किंवा कवचपंखांच्या कोणत्या खुणांवरून जात खात्रीने ठरवता येईल, आणि ते शक्य नसल्यास आकुर्डीच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण केंद्रात सामान्य नागरिकाचे नमुने तपासण्यासाठी स्वीकारतात का?