पाणीवाल्या बाई आमदार म्हणून कशा होत्या?

दिंडोशीचा_ओम्या: गोरेगावच्या मृणालताई गोरे उड्डाणपुलावरून रोज जातो. परवा आजी म्हणाली, "आमच्या पाणीवाल्या बाई त्या!" पण पाणी तर महापालिकेचं काम ना? मग आमदार म्हणून त्यांनी केलं काय? जन्म-मृत्यूच्या तारखा नकोत, कुणी जवळून पाहिलंय का?

सुलभा_गोरेगाव: मी पाहिलंय. 'पाणीवाली बाई' हे नाव आमदारकीच्या आधीचं, १९६१ ला नगरसेविका झाल्या तेव्हापासूनच्या कामाचं. आमच्या चाळीत नळ पहाटे तीनला यायचा. रांगेत बायका कमी आणि विटाच जास्त, प्रत्येक विटेवर खडूने खोलीचा नंबर. ताईंचा हंडा मोर्चा निघाला की आई रिकामा हंडा घेऊन हजर. तेव्हा भांड्यांवर नाव घालून घ्यायची पद्धत होती. एकदा मोर्चाहून आई आली ती दुसरीचाच हंडा घेऊन! वर 'सौ. कमल'. आईचं नाव इंदू. आठवडाभर चिडचिड चालली होती. तो हंडा अजून माझ्या माळ्यावर आहे.

१९७२ ला ताई विधानसभेत गेल्या, पण रस्ता काही सुटला नाही. त्याच सुमारास महागाईविरुद्ध लाटणं मोर्चे निघाले. ताई समाजवादी, अहिल्याताई रांगणेकर कम्युनिस्ट, तरी दोघी बरोबर. आज असं जमेल का, सांगा.

पेन्शनर_बोरिवली: मग आणीबाणीत तुरुंग आणि १९७७ ला थेट लोकसभा. इंदिराबाई हरल्या तेव्हाची घोषणा आठवते: 'पाणीवाली बाई दिल्लीत, दिल्लीवाली बाई पाण्यात'. आम्ही लोकलच्या डब्यातसुद्धा म्हणायचो.

सुलभा_गोरेगाव: घोषणा सगळ्यांना पाठ. पण ओम्या, तू आमदारकीचं विचारलंस ना, तर १९८५ ची टर्म बघ. गर्भलिंगनिदानाविरुद्ध खासगी विधेयक १९८६ ला त्यांनीच मांडलं. राज्याचा कायदा १९८८ चा, केंद्राचा थेट १९९४ चा. माझ्या लेखी हे पाण्याहून मोठं काम. डॉक्टरी अर्धवट सोडलेली बाई होती ती, विषय आतून कळत असणार.

पेन्शनर_बोरिवली: आणि नागरी निवारा विसरलात? कमाल जमीन धारणा कायद्याखालची जमीन भांडून मिळवली, बाबूराव सामंत बरोबर होते. दिंडोशीला सहा हजारांच्या वर घरं झाली, तीही साध्या माणसांना परवडतील अशी. ओम्या, तू दिंडोशीचा म्हणजे...

दिंडोशीचा_ओम्या: हो, नागरी निवाराच. घर आजीच्या नावावर आहे. हे सगळं तिला वाचून दाखवलं. घराचं ऐकून नुसती मान डोलावली, पण हंड्यावर अडकली. म्हणते, चाळीत कमल नावाच्या तिघीजणी होत्या, त्यातली एक आमच्या शेजारची. सुलभाताई, हंड्याच्या बुडाला डाव्या अंगाला पोचा आहे का, तेवढं बघून सांगाल?