शब्दचर्चा : अंतराळातल्या जंतूंचं ‘निदान’ की ‘ओळख’?

प्रश्न : अंतराळस्थानकावर छोट्या यंत्रांनी जंतू कसे तपासतात, यावर लेख लिहिते आहे. सरसकट ‘जंतुसंसर्गाचे निदान’ म्हटलं तर चालेल का? आणि ‘कल्चर’ला, म्हणजे तपासणीसाठी जंतू वाढवण्याला, ‘संवर्धन’ लिहू का?

प्रतिसाद १ : ‘निदान’ जपून वापरा, ही कळकळीची विनंती. आयुर्वेदात निदान म्हणजे रोगाचं कारण, रोग ओळखायच्या पाच साधनांतलं, म्हणजे निदानपंचकातलं पहिलं. आज आपण ‘काय झालंय ते ठरवणं’ असा अर्थ घेतो. दोन्ही अर्थांना रोगी लागतो.

२०१७ साली अंतराळवीर पेगी व्हिटसन यांनी स्थानकाच्या पृष्ठभागांवर जंतू वाढवायच्या पेट्री बशी टेकवून नमुने घेतले आणि जंतू आठवडाभर वाढू दिले. मग हातमोजे जोडलेल्या बंद पेटीत ते काढून घेतले, मिनीपीसीआर या छोट्या यंत्रावर त्यांच्या डीएनएच्या प्रती वाढवल्या आणि मुठीत मावेल अशा मिनआयन यंत्रावर तो डीएनए वाचला. त्याच सुमारास नासाचं नियंत्रण केंद्र असलेल्या ह्यूस्टनला हार्वे वादळाने गाठलं होतं, तेव्हा नासाच्या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ साराह वॉलेस स्वतःच्या मोबाइलवरून व्हिटसन यांच्याशी बोलत काम पुढे नेत होत्या. अंतराळातच वाढवलेल्या अनोळखी जंतूंची तिथल्या तिथे ओळख पटली, हे पहिल्यांदाच घडलं. पण आजारी कोणीच नव्हतं! म्हणून ‘ओळख पटवणे’ हेच बरोबर.

प्रतिसाद २ : उलट बाजूचं उदाहरण १९७० च्या अपोलो १३ या चंद्रमोहिमेचं. वाटेत यानात बिघाड झाला. पाणी मोजून प्यावं लागलं आणि अंतराळवीर फ्रेड हेज यांना मूत्रमार्गाचा संसर्ग झाला, ताप भरला. तिथे रोगी होता, तपासणीची सोय नव्हती. भिंतीवर जंतू सापडला तर त्याला ‘वावर’ म्हणा. तो शरीरात शिरून त्रास देऊ लागला की मग ‘संसर्ग’.

प्रतिसाद ३ : मी पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. ‘संवर्धन’ म्हटलं की लोकांना पशुसंवर्धन आठवतं. आमच्याकडे पेशंटसुद्धा ‘लघवी कल्चरला दिलीय’ असंच म्हणतात. ‘कल्चर’च ठेवा.

एक शब्द मात्र लेखात हवाच : ‘लागू पडणे’. जंतूचं नाव कळून डॉक्टरांचं काम अर्धंच होतं, कोणतं अँटिबायोटिक लागू पडेल ते कळायला हवं. आमच्या लॅबमध्ये त्यासाठी व्हिटेक नावाचं यंत्र आहे. खेळायच्या पत्त्याएवढ्या प्लास्टिकच्या कार्डात बारीक खळगे, प्रत्येकात वेगळं औषध किंवा रसायन. कुठल्या खळग्यात जंतू वाढला ते यंत्र पाहतं. या यंत्राचं मूळ नासासाठी मॅकडॉनल डग्लस कंपनीने केलेल्या कामात आहे, यानातले जंतू आपोआप ओळखता यावेत म्हणून. मंगळ दूर असेल तेव्हा तिथून संदेश पृथ्वीवर यायला वीस मिनिटांहून जास्त लागतात आणि उत्तराला पुन्हा तेवढीच. तिथे तापाने फणफणलेल्या माणसाला कोणती गोळी द्यायची, ते सोबतच्यांनाच ठरवावं लागेल. त्या प्रसंगासाठी ‘निदान’ शब्द राखून ठेवा.