शेजारी दुःख झाले आहे. प्रार्थना करावी की नुसते बसावे?

प्रश्न (घोरपडी)
आमच्या समोरच्या घरातील गृहस्थ गेल्या महिन्यात हृदयविकाराने अचानक वारले. मागे पत्नी, दहावीतला मुलगा आणि वृद्ध आई आहेत. ते कुटुंब हिंदू, आम्ही ख्रिस्ती. तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले होते. आता दार दिवसभर बंद असते. मी भेटायला गेले तेव्हा "देवाची इच्छा" असे माझ्या तोंडून निघून गेले आणि वहिनींनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मला पुढे शब्दच सुचेना. त्यांच्यासोबत बसून प्रार्थना करावी असे फार वाटते, परंतु त्याचा भलताच अर्थ काढला जाईल अशी भीतीही आहे. अनुभवी मंडळींनी मार्ग सुचवावा.

उत्तर (खडकी)
ताई, बायबलमधील दुःखाने खचलेल्या ईयोबाचे मित्र आठवा. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर बसले आणि कोणी एक शब्दही बोलले नाही. तोवर त्यांचे काहीच चुकले नव्हते. त्याच्या दुःखाची कारणे सांगू लागले तिथे बिघडले, आणि शेवटी देवाने दोष दिला तो त्यांनाच. मेलेल्या लाजराला आपण पुन्हा जिवंत करणार हे ठाऊक असूनही येशू त्याच्या कबरेकडे जाताना रडला, हेही विसरू नये. माझी आई गेली तेव्हा चर्चच्या मंडळीतील बऱ्याच जणांनी बायबलमधील वचने ऐकवली, त्यातले आज एकही आठवत नाही. पण एक बाई आल्या, मोरीतली भांडी घासून पालथी घातली, दुधाची पिशवी तापवून ठेवली आणि न सांगताच निघून गेल्या, ते मात्र विसरलेलो नाही.

उत्तर (वानवडी)
नुसते बसावे, हे मला पूर्ण पटत नाही. मी अनेक वर्षे परिचारिका होते; पहिल्या महिन्यानंतर घरात दुःखाइतकीच कागदांची अडचण असते. मृत्यूच्या दाखल्याच्या प्रती, बँक, विमा, गॅसजोडणीचे नाव बदलणे, हे सारे त्या बाईंच्या एकटीच्या अंगावर पडले असणार. येशूच्या दृष्टांतातील चांगल्या शोमरोन्याने वाटेत पडलेल्या अनोळखी माणसाच्या जखमांना तेल आणि द्राक्षारस लावला, आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेले, दोन दीनार दिले आणि अधिक खर्च झाला तर परत येताना फेडीन असे सांगितले. जखमी माणसाला त्याने विचारलेले काहीच त्या कथेत नाही. प्रार्थनेबद्दल म्हणाल तर, "मी घरी तुमच्यासाठी रोज प्रार्थना करते," एवढे सांगावे. सोबत बसून करायची, तर ती त्यांनी म्हटल्यावरच.

उत्तर (केडगाव)
आपली भीती पुण्याला नवी नाही. ख्रिस्ती झालेल्या पंडिता रमाबाईंचे शारदासदन, म्हणजे विधवा व मुलींची निवासी शाळा, 1889 मध्ये मुंबईत सुरू होऊन पुढच्याच वर्षी पुण्यात आले, आणि 1893 मध्ये धर्मांतराच्या आरोपावरून कितीतरी पालकांनी मुली काढून नेल्या. रानडे आणि भांडारकरही सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बाईंवर अन्याय झाला असे आमच्याकडे म्हणतात, परंतु पालकांचा धसका अगदीच निराधार नव्हता असे माझे मत आहे. त्याच बाईंनी तरुणपणी दुष्काळात आईवडील गमावले होते आणि 1882 मध्ये पटकीने पतीही. पुढे 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी मुलींना घेऊन आल्या. 'जे सांत्वन आम्हाला मिळाले त्यानेच इतरांचे करावे' हा बायबलमधील प्रेषित पौलाचा विचार त्या जगल्या. तुमच्याही घरात कोणी गेले असेल, तर वहिनींना ते सांगा. उपदेशापेक्षा ते त्यांना जवळचे वाटेल.

प्रश्नकर्ती (घोरपडी)
सर्वांचे आभार. काल वरणभाताचा डबा घेऊन गेले. आजींनी आपल्या गेलेल्या मुलाच्या चपला दाखवल्या. त्या अजून दाराशीच आहेत, रोज पुसून ठेवतात. माझे वडील कसे गेले ते मी सांगितले, तेव्हा वहिनी प्रथमच बोलल्या, आणि बोलता बोलता विम्याची पिशवी काढून माझ्या हाती दिली. मुलगा मंगळवारपासून आमच्याकडे गणिताला येईल. प्रार्थनेचा विषय मी काढला नाही. उद्या दुपारी अर्ज भरायला बसणार आहोत. पॉलिसीवर वारस म्हणून वहिनींचे नाव आहे की आजींचे, एवढे आधी पाहायचे आहे.