घरी बनवलेलं छोटं फोर स्ट्रोक इंजिन: ठिणगी आहे, पेट्रोल येतंय, पण चालू होत नाही

दट्ट्या_२२

नमस्कार मंडळी, जरा मदत करा. सिंगल सिलिंडर आडवं फोर स्ट्रोक इंजिन बनवलंय, सगळं बारमधून कोरून, कास्टिंग एकही नाही. बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) २२ मिमी, स्ट्रोक (पिस्टनची धाव) २८, म्हणजे साधारण १०.६ सीसी, आणि कॉम्प्रेशन रेशो हिशोबाने ५ ला १ यायला हवा. लायनर (सिलिंडरची आतली नळी) कास्ट आयर्नचा, पिस्टन ॲल्युमिनियमचा, त्यावर दोन कास्ट आयर्न रिंगा. व्हॉल्व स्टेनलेसचे, एका बारमधून टर्न केलेले, ब्राँझच्या केजमध्ये (हेडमध्ये बसवलेला नळीसारखा तुकडा) बसतात. इनटेक व्हॉल्वला कॅम (फिरताना ढकलणारा उंचवटा) नाही, तो सक्शनने उघडतो, एक्झॉस्टला कॅम आणि पुशरॉड (कॅमचा धक्का व्हॉल्वपर्यंत नेणारी दांडी) आहे. इग्निशन पॉइंट-कंडेन्सर-कॉइलचं (पॉइंट उघडले की ठिणगी पडते), पॉइंटचा कॅम थेट क्रँकवर आहे म्हणजे दर फेऱ्याला ठिणगी पडते.

आता अडचण अशी की ड्रिलने फिरवलं की कधीतरी एखादा फट्ट असा आवाज येतो, कधी कार्ब्युरेटरमधून उलटं फेकतं, आणि मग नुसतं फिरत राहतं. प्लग बाहेर काढून बॉडीला टेकवला तर छान निळी ठिणगी दिसते. नीडल (पेट्रोल कमीजास्त करणारी सुई) थोडी उघडून, पूर्ण उघडून, जवळजवळ बंद करून, सगळं करून झालं, प्लग कधी कोरडा निघतो कधी पेट्रोलने भिजलेला. आता कार्ब्युरेटर नवीन बनवायचा विचार आहे, व्हेंच्युरी (कार्ब्युरेटरमधला हवेचा अरुंद मार्ग) ५ मिमीची आहे ती ४ करावी का?

लेथवाला

नीडलला हात लावू नका आणि कार्ब्युरेटर तर अजिबात नवीन करू नका. आधी हे सांगा की हाताने फ्लायव्हील कॉम्प्रेशनवर नेलं आणि सोडलं तर ते मागे उसळतं का? चेंडू टप्पा घेऊन मागे येतो तसं यायला हवं. हळूहळू ढकलल्यावर फुस्स करून टॉपच्या (पिस्टन सगळ्यात आत पोचतो ती जागा) पलीकडे गेलं तर कॉम्प्रेशन नाही, आणि कॉम्प्रेशन नसेल तर बाकी काहीही करून उपयोग नाही.

माझं ठाम मत आहे की एवढ्या लहान इंजिनात जवळजवळ सगळी दुखणी गळतीपाशी येऊन थांबतात. मोठ्या इंजिनात थोडी गळती असली तरी चालून जातं, पण १० सीसीत आत येणारी हवाच इतकी कमी की केसाएवढ्या फटीतून ती टॉपला पोचायच्या आत निघून जाते. आणि लोकांच्या एक गोष्ट लक्षात येत नाही की गळती दोन्ही बाजूंनी काम बिघडवते, एक्झॉस्ट व्हॉल्व नीट बसत नसेल तर सक्शन स्ट्रोकला हवा एक्झॉस्टमधूनच आत येते, इनटेकला ओढच लागत नाही, व्हॉल्व अर्धवट उघडतो, जेटमधून पेट्रोल कधी येतं कधी येत नाही, आणि माणूस मात्र नीडल फिरवत बसतो कारण सगळी लक्षणं कार्ब्युरेटरची दिसतात. तुमचा प्लग कधी कोरडा कधी ओला हे मला तरी तसंच वाटतंय.

रिंग की व्हॉल्व हे ओळखायला प्लगच्या भोकातून तेलाचे चार थेंब टाका, दोनचार फेरे हाताने फिरवा आणि परत उसळी बघा. एकदम सुधारली तर हवा रिंगांमधून जातेय, काही फरक नाही पडला तर व्हॉल्व. तेल जास्त टाकू नका, आतली जागाच जेमतेम अडीच-पावणेतीन सीसी आहे, तेलाने भरली तर कॉम्प्रेशन उगाच वाढलेलं दिसेल.

ठिणगीवाला

कॉम्प्रेशन बघाच, पण कार्ब्युरेटरमधून उलटं फेकतंय म्हणून टायमिंगही तपासा. तुमची ठिणगी दर फेऱ्याला पडते, म्हणजे एकदा कॉम्प्रेशनच्या शेवटी आणि एकदा एक्झॉस्टच्या शेवटी. ती टॉपच्या आधी पडत असेल तर दुसरी ठिणगी वाया जाते, काही बिघडत नाही. पण पॉइंट सरकून ठिणगी टॉपच्या नंतर पडायला लागली तर तेव्हा इनटेक उघडायला लागलेला असतो आणि ताजं मिश्रण तिथेच पेटून कार्ब्युरेटरमधून बाहेर येतं. सुरू करायला टॉपच्या ५ ते १० अंश आधी ठेवा, चालायला लागल्यावर १५-२० पर्यंत नेता येईल.

टॉप डोळ्याने ठरवू नका हां, तिथे क्रँक बराच फिरतो आणि पिस्टन हलल्यासारखा वाटतच नाही. प्लगच्या भोकात पिस्टनला अडेल असा एक थांबा घाला, फ्लायव्हीलवर अंशांची कागदी चकती लावा, एका दिशेने फिरवून अडलं की अंश लिहा, उलट फिरवून अडलं की लिहा, दोन्हीच्या बरोबर मध्ये टॉप. थांबा पितळेचा किंवा ॲल्युमिनियमचा करा म्हणजे पिस्टनवर खूण उठणार नाही.

गिअरही बघून घ्या. क्रँकवर २४ दात आणि कॅमवर ४८ असतील तर एक दात चुकला की क्रँकचे १५ अंश जातात. एक्झॉस्ट खालच्या टोकाच्या ४०-४५ अंश आधी उघडायला हवा आणि टॉपच्या आसपास किंवा थोडासा नंतर बंद.

आणि बाहेर निळी ठिणगी दिसली म्हणजे आतही पडते असं नाही. दाब वाढला की तेवढंच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. प्लगचा गॅप ०.४ मिमी करून बघा, फरक पडला तर कॉइल किंवा कंडेन्सर कमजोर आहे असं समजा.

दट्ट्या_२२

सगळ्यांचे मनापासून आभार. करून बघितलं. उसळी जवळजवळ नाहीच, फुस्स आवाज येतो. तेल टाकून काही फरक नाही. टायमिंग चकती लावून मोजलं, टॉपच्या ८ अंश आधी ठिणगी आहे आणि गिअरही बरोबर जुळलेत. म्हणजे व्हॉल्व. पण मी दोन्ही व्हॉल्व ग्राइंडिंग पेस्टने भरपूर घासून बसवलेत, सीटवर (व्हॉल्व टेकतो ती कड) रुंद, राखाडी, एकसारखा पट्टा दिसतोय, छान बसलेत असं वाटत होतं. दोन्हीपैकी कोणता गळतो हे कसं कळेल? केज हेडमध्ये लॉकटाइटने (धातू चिकटवायचा गोंद) बसवलेत त्यामुळे काढायची भीती वाटते.

सूक्ष्ममापी

केज काढू नका, गरज नाही. २० मिलीची इंजेक्शनची सिरिंज घ्या, पुढे रबरी नळी लावा, हेड काढून नळी पोर्टवर घट्ट धरा, व्हॉल्व स्प्रिंगने बंद असू द्या. दट्ट्या अर्ध्यापर्यंत ओढा, १० सेकंद धरून ठेवा आणि सोडा. व्हॉल्व बंद होत असेल तर दट्ट्या झपकन मागे जाईल, गळत असेल तर ओढलेल्या जागीच राहील. एकदा नळीचं तोंड बोटाने बंद करून बघून ठेवा म्हणजे तुमच्या सिरिंजचा चांगला निकाल कसा दिसतो ते कळेल. दोन्ही पोर्टवर करा, कोणता ते लगेच समजेल. व्हॉल्वच्या तोंडावर थोडं तेल लावून परत केलं आणि पोर्टमधून बुडबुडे आले तर कोणत्या बाजूला फट आहे तेही दिसतं.

आता तो रुंद राखाडी पट्टा. तिथेच गोम आहे असं मला वाटतं. रुंद पट्टा म्हणजे चांगली सीट हा समज फार पसरलाय आणि तो लहान व्हॉल्वला लागू होत नाही. तुमच्या स्प्रिंगचा जोर मोजका, तो जितक्या मोठ्या जागेवर पसरेल तितकी प्रत्येक ठिकाणची पकड कमी. सीट ०.३ ते ०.४ मिमी रुंद पुरते, दिसायला अगदी बारीक चमकती रेघ. पेस्टने खूप घासलं की दोन वाईट गोष्टी होतात, एक म्हणजे व्हॉल्वच्या तोंडावर खाच पडते, आणि व्हॉल्व चालताना थोडा फिरला किंवा बाजूला सरकला की ती खाच सीटशी जुळत नाही, दुसरं म्हणजे पेस्टचे कण मऊ ब्राँझमध्ये रुतून बसतात आणि पुढेही घासत राहतात.

सीट बंद होते ती गोलाईमुळे आणि गाइडच्या (व्हॉल्वची दांडी सरकते ती नळी) भोकाशी एकाच अक्षावर असल्यामुळे, घासण्यामुळे नाही. केज टर्न करताना गाइड रीम करणं आणि सीट कापणं एकाच पकडीत झालं पाहिजे, जॉब चकमधून काढून परत लावला की गेलं. तुमचे केज आधीच बसवलेले आहेत, आणि दाबून बसवताना ते किंचित आक्रसतात, म्हणून शेवटची सीट नेहमी बसवल्यानंतरच कापावी. एक छोटा हातकटर करा: सिल्व्हर स्टीलचा (हार्डन करता येणारं टूल स्टील), पुढे गाइडमध्ये न हलता फिरेल असा पायलट, मागे ४५ अंशाचा शंकू, त्यावर फाइलने ५-६ दात, मग हार्डन करा. ड्रिलमध्ये लावू नका, दोन बोटांनी हलकेच फिरवा, सगळीकडून सारखी रेघ आली की थांबा. व्हॉल्वचं तोंडही नव्याने टर्न करा, खाच पूर्ण जाईपर्यंत. मग अगदी बारीक पेस्ट, बोटांनी दोनतीन वळसे, धुवायचं, सिरिंज लावायची. बस.

तेलकट_हात

व्हॉल्वचं झालं की रिंगाही एकदा बघून घ्या. रिंग एकटीच बोअरमध्ये सरळ बसवून मागून दिवा धरा, कडेने कुठे उजेड दिसला तर ती गोल नाही. टोकांचा गॅप २२ मिमीला ०.०८ च्या आसपास ठेवा. मी तर म्हणतो रिंगांच्या जागी व्हायटनचा (उष्णता सोसणारं रबर) ओ रिंग टाका, २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तग धरतो आणि पहिल्याच फेऱ्याला कॉम्प्रेशन.

लेथवाला

ओ रिंगला माझा विरोध नाही, पण त्यांच्या रिंगा तेल टाकून तपासून झाल्यात, मग त्या का काढायच्या? एका वेळी एकच गोष्ट बदला. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि इंजिन चालू झालं तर कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या वेळी बंद पडलं की परत पहिल्यापासून शोधायचं.

दट्ट्या_२२

चालू झालं!! आधी थोडक्यात सांगतो. सिरिंजवर इनटेक ठीक होता, थोडासाच गळत होता, एक्झॉस्टला मात्र दट्ट्या जागचा हललाच नाही. सूक्ष्ममापी सरांनी सांगितला तसा कटर केला, पहिल्या हलक्या फिरवण्यातच दिसलं की तो सीटला एकाच बाजूने लागतोय, दुसरी बाजू तशीच राखाडी. सगळीकडून रेघ येईपर्यंत कापलं, व्हॉल्व परत टर्न केला, आणि आता फ्लायव्हील असं उसळतं की बोट दुखतं.

इनटेकमध्ये पेट्रोलचे दोन थेंब टाकून फिरवलं तर लगेच पेटलं, पण स्वतःच्या कार्ब्युरेटरवर धरत नव्हतं, मग इनटेकची स्प्रिंग हलकी केली. ८ मिमीच्या व्हॉल्ववर ०.१ बारच्या ओढीने जोर जेमतेम ५० ग्रॅमचा येतो हा हिशोब केला आणि जुनी स्प्रिंग वजनकाट्यावर दाबली तर त्याच्या तिपटीने कडक निघाली. नवीन स्प्रिंग बारीक तारेची, बोटाच्या नुसत्या स्पर्शाने उघडते. टाकीतली पातळीही जेटच्या १२ मिमी खाली आणली. नीडल थोडी फिरवली आणि धरलं. व्हेंच्युरी ५ चीच आहे.

आता पुढचा प्रश्न. थंड असताना सुंदर चालतं, पण गरम झालं की आवाज मऊ होत जातो आणि बंद पडतं. लगेच परत चालू होत नाही, थंड झालं की परत छान.

सूक्ष्ममापी

अभिनंदन! पहिल्यांदा इंजिन धरतं तो आवाज ऐकायला मिळावा म्हणून तर हा सगळा खटाटोप. आता बंद पडल्या पडल्या, गरम असतानाच इग्निशन बंद करून फ्लायव्हील हाताने फिरवा. जड लागलं तर पिस्टन फुगून अडतोय: ॲल्युमिनियम कास्ट आयर्नच्या दुपटीहून जास्त प्रसरण पावतं, २२ मिमीवर १०० अंशाच्या वाढीला दोघांत जवळजवळ ०.०२५ मिमीचा फरक पडतो, आणि पिस्टन लायनरपेक्षा जास्त तापतो, म्हणून थंड असताना ०.०५ तरी मोकळा हवा. मोकळं फिरलं पण उसळी गेली असेल तर एक्झॉस्टचा टॅपेट, म्हणजे पुशरॉड आणि व्हॉल्वमधला गॅप. मोकळंही आहे आणि उसळीही आहे तर मग पेट्रोल नळीत उकळतंय किंवा कॉइल तापून ठिणगी जातेय.

आवाज मऊ होत जातो म्हणताय, मला टॅपेटची शंका आहे. गॅप किती ठेवलाय?

दट्ट्या_२२

मोकळं फिरतंय, उसळी नाही. गॅप थंड असताना ०.०५.

सूक्ष्ममापी

मग तेच. स्टेनलेसचा व्हॉल्व, स्टेम ३० मिमी धरला आणि २०० अंशांनी तापला तर लांबी ०.१ मिमीने वाढते. केज आणि हेडही वाढतात पण ते इतके तापत नाहीत. ०.०५ चा गॅप संपतो, पुशरॉड व्हॉल्वला कायम किंचित उघडा धरतो, उष्ण वायू त्या फटीतून निघून सीट आणखी तापवतो, म्हणून एकदा आवाज बदलला की लगेच बंद पडतं. थंड असताना ०.१५ ठेवा. व्हॉल्व थोडा उशिरा उघडेल, या इंजिनाला त्याने काही फरक पडत नाही. सीट जळालीय का ते एकदा सिरिंजने बघून घ्या.

ठिणगीवाला

आता सलग चालवणार असाल तर खिडकी-दार उघडं ठेवा, लहान इंजिनाच्या धुरातही कार्बन मोनॉक्साइड असतो आणि त्याला वास नसतो. पेट्रोलची बाटलीही टेबलावरून हलवा, कार्ब्युरेटरमधून उलटं फेकत होतं तेव्हा ती जवळच असेल.

दट्ट्या_२२

गॅप ०.१५ केला, सिरिंजवर सीट ठीक आहे. आता टाकी रिकामी होईपर्यंत चालतं, फिन्सना हात लावता येत नाही इतक्या गरम होतात तरी आवाज तोच राहतो. बाटली हलवली, पंखाही लावलाय.